सीपॅपच्या मास्कमधून रात्री हवा गळते, पट्टे किती आवळावेत?

तुम्ही लिहिलंय की बाबांच्या सीपॅपच्या (झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारं मशीन) मास्कमधून रात्री हवा फुसफुसत डोळ्यांत जाते, आणि पट्टे आवळले की सकाळी नाकावर लाल वळ उठतो. आधी ते पट्टे सैल करा. फोंड्याला आमच्या घरी ह्यांचं मशीन बरीच वर्षं आहे, मास्कचं सगळं मीच बघते, म्हणून ठामपणे सांगते.

मास्कचं सिलिकॉनचं कुशन दाबून बसवायचं नसतं. त्याची पातळ कड मशीनच्या हवेनेच फुगते आणि चेहऱ्याला लागून बसते. पट्टा फार ओढला की ती दुमडते आणि त्या घडीतूनच हवा सुटते. म्हणून बाबा आडवे झाल्यावर, मशीन चालू ठेवून मास्क बसवा. बसल्या बसल्या नीट बसलेला मास्क झोपल्यावर सरकतो, कारण गालांची ठेवण बदलते. मास्क जरासा पुढे ओढून धरा, कड फुगू द्या, मग अलगद टेकवा. पट्ट्याखालून बोट सहज गेलं पाहिजे. रॅम्प, म्हणजे दाब हळूहळू वाढवायची सोय, लावलेला असेल तर सुरुवातीला दाब कमी असतो, त्यामुळे गळती उशिरा कळते. मशीनमध्ये ‘मास्क फिट’ ही मास्क नीट बसलाय का ते बघायची सोय असेल तर ते लावून तपासा.

बाबा रात्री कवळी काढतात का? मास्कचं माप कवळी घालून घेतलं असेल तर ती काढल्यावर गाल आत जातात आणि तोच मास्क मोठा पडतो. माप पुन्हा घ्यायला लावा.

आपल्याकडे घाम फार, त्यात झोपताना तोंडाला खोबरेल लावायची सवय. ती सोडायला लावा. तेलावर कुशन घसरतं. झोपण्याआधी चेहरा धुवायचा, आणि कुशन रोज सकाळी कोमट पाण्यात सौम्य साबणाने. उन्हात वाळत घालू नका, पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा. एसी लावत असाल आणि नळीत पाणी गुडगुडत असेल तर ह्युमिडिफायर (मशीनच्या हवेत ओलावा घालणारा भाग) थोडा कमी करा.

मास्कच्या समोरच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा म्हणजे गळती नव्हे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर जातो. ती छिद्रं कृपा करून टेपने बुजवू नका. सकाळी तोंडाला कोरड पडत असेल तर हवा तोंडावाटे जात असेल, तेव्हा नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या फुल फेस मास्कबद्दल डॉक्टरांना विचारा. मशीनचा दाब मात्र घरी बदलू नका.