गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर पाळी कमी येणे आणि मध्येच डाग पडणे साहजिक आहे का?

माला-डीचे दुसरे पाकीट चालू आहे, मध्येच तपकिरी डाग पडले आणि पाळी नेहमीच्या निम्मीही आली नाही, तेव्हा गोळ्या बंद कराव्यात का, असे आपण विचारले आहे. मी कुटुंबनियोजन विभागात परिचारिका आहे. ही तक्रार माझ्या नेहमीच्या ऐकण्यातली आहे आणि बहुतेक वेळा तिच्यात घाबरण्यासारखे काही नसते.

या पाकिटातील 21 पांढऱ्या गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल ही संप्रेरके असतात. ती रोज मिळत राहिल्याने स्त्रीबीज बाहेर पडणे थांबते आणि गर्भाशयाचे अस्तर पूर्वीइतके जाड होत नाही. उरलेल्या 7 गडद गोळ्यांत केवळ लोह असल्याने संप्रेरकांचा पुरवठा तुटतो आणि साधारण दोन-तीन दिवसांत ते पातळ अस्तर गळून पडते. आपल्याला दिसलेला रक्तस्राव तो हाच. अस्तरच थोडे असल्यामुळे अंगावरून कमी जाते आणि बऱ्याच जणींची पोटदुखीही उतरते. अशा वेळी ‘रक्त आत साठत असेल’ अशी धास्ती घरातील वडीलधाऱ्या बायका हमखास घालतात. पण साठावे असे आत काही तयारच झालेले नसते.

मधले डाग पहिल्या तीन महिन्यांत अनेकींना पडतात आणि पुढे आपोआप थांबतात. गोळी चुकली, उलट्या-जुलाब झाले किंवा क्षयरोगावरील रिफाम्पिसिन चालू असले, तरीही ते दिसू शकतात. रिफाम्पिसिनमुळे तर गोळीचा परिणामच कमी होतो, म्हणून ते चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. केवळ डागांमुळे पाकीट अर्धवट सोडू नये.

एक गोष्ट मी प्रत्येकीला खोदून विचारते: 28वी गोळी संपल्यावर नवे पाकीट कधी उघडले? पुष्कळ जणी पाळी पूर्ण थांबण्याची वाट पाहतात आणि त्यात चार-पाच दिवस निघून जातात. वास्तविक रक्तस्राव चालू असला तरी दुसऱ्याच दिवशी पुढच्या पाकिटाची पहिली पांढरी गोळी घ्यायची असते. हा खंड लांबला की गर्भ राहण्याचा धोका वाढतो.

गोळ्या नियमित घेऊनही एखाद्या महिन्यात रक्तस्राव झालाच नाही, तर लघवीची तपासणी करून घ्यावी आणि नवे पाकीट मात्र वेळेवर सुरू ठेवावे. सलग दोनदा असे झाले तर डॉक्टरांना भेटावे. डाग तीन महिन्यांनंतरही पडत राहिले, रक्तस्राव फार होऊ लागला किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर तपासणी टाळू नये. पोटरीला सूज येऊन ती दुखणे, छातीत दुखणे, धाप लागणे, तीव्र डोकेदुखीसह दिसण्यात फरक पडणे, यांपैकी काहीही झाल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आपण रक्तदाब तपासून घेतला नसेल, तर तो या आठवड्यातच तपासून घ्यावा.