पंचवीस लाख मागताना

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यात कोकमाची उत्पादनं करते. आगळ, अमृत कोकम आणि आमसुलं. व्यवसाय माझ्या एकटीच्या नावावर आहे, गेल्या वर्षी विक्री २८ लाखांची झाली. यजमानांचे मुंबईतले दोन मित्र २५ लाख घालायला तयार आहेत. त्यांनी बिझनेस प्लॅन मागितला. बँकेसाठी करून घेतलेला ४२ पानी प्रकल्प अहवाल होता, तोच थोडा फिरवून पाठवला आणि दहा टक्के हिस्सा देऊ केला. तेव्हापासून ‘बघतो’ एवढंच उत्तर येतंय. अहवालाची प्रत सोबत आहे. काय कमी पडलं?
— एक उद्योजिका, कुडाळ

उत्तर : ताई, अहवाल शेवटपर्यंत वाचला. बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य गेलं, त्यामुळे असे अहवाल वाचायची सवय आहे. बँकेसाठी तो ठीक आहे. बँक बघते हप्ता वेळेवर येईल का आणि नाही आला तर तारण काय. हिस्सा घेणाऱ्याला हप्ताही नाही आणि तारणही नाही. धंदा वाढला तरच त्याचे पैसे वाढणार. म्हणून त्याचा प्रश्न एकच : माझे २५ लाख नेमके कुठे जाणार आणि त्यातून काय वाढणार? तुमच्या अहवालात याचं उत्तर आहे, पण ते ३१व्या पानावर दडलंय. ‘फेब्रुवारीअखेर माल संपल्याने सुमारे साडेचार लाखांच्या ऑर्डर नाकाराव्या लागल्या.’ अहो, हे वाक्य पहिल्या पानावर हवं! त्याऐवजी पहिल्या सहा पानांवर देशातल्या शीतपेयांची बाजारपेठ आहे आणि ‘त्यातला अर्धा टक्का मिळाला तरी’ असा हिशेब. तो अर्धा टक्का कोणालाच मिळत नसतो. अशी पानं आम्ही बँकेतही उलटून पुढे जायचो.

आता माल का संपतो ते बघू. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात. पाऊस लागला की फळ वाया जातं, म्हणजे वर्षाची सगळी खरेदी त्या काही आठवड्यांत, आणि काढणाऱ्याला पैसे रोख. सरबताचा मोठा खप मात्र पुढच्या उन्हाळ्यात. त्यातच मुंबई-पुण्याचे दुकानदार ६० दिवसांनी पैसे देतात, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे या मे महिन्यात पिंपात गेलेला रुपया बऱ्याचदा पुढच्या मेनंतर हातात येतो. विक्री २८ वरून ५० लाखांवर न्यायची तर त्याच्या आदल्या हंगामात जवळपास दुप्पट रातांबे उचलावे लागतील, आणि ते पैसे वर्षभर अडकतील. तुमच्या धंद्याची सगळी मेख इथे आहे.

आणि २५ लाखांची वाटणी काय केलीत? गाडीला १२, जाहिरातीला ५, यंत्रांना ५ आणि फळखरेदीला ३. माल पुरत नसताना जाहिरात कशासाठी करायची? गाडी भाड्याने घ्या. गुंतवणूकदाराच्या पैशाचा मोठा वाटा फळ, साखर आणि बाटल्यांकडे वळवा. सोबत एप्रिल ते पुढचा जून असा महिनावार रोखीचा तक्ता जोडा : पैसे किती गेले, किती आले, शिल्लक कधी सगळ्यात खाली गेली. या एका पानावर त्यांचा विश्वास बसेल.

यंत्रांसाठी हिस्सा विकू नका. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत बँक कर्जावर पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, स्वतःचे किमान दहा टक्के घालावे लागतात. अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत बाजूला राहतं आणि तीन वर्षं कर्जखातं नीट चाललं तर कर्जात वळतं होतं. नवे अर्ज घेताहेत का, ते जिल्हा कृषी कार्यालयात विचारा.

नफ्याचा आकडा मला खटकला. सहा लाख दाखवलाय. पण मजुरीच्या यादीत तुम्ही नाही, सासूबाई नाहीत. दोघींची मिळून महिन्याला २० हजार मजुरी धरली तर वर्षाचे २ लाख ४० हजार होतात आणि नफा उरतो ३ लाख ६० हजार. घरच्या बायकांचं काम फुकट धरायची आपली खोड आहे, पण मुंबईचा माणूस हिशेबाला बसला की ते दोन मिनिटांत ओळखतो. आता दहा टक्क्यांना २५ लाख म्हणजे अख्ख्या धंद्याची किंमत तुम्ही अडीच कोटी लावलीत. आजच्या नफ्यावर त्यांच्या वाट्याला वर्षाला ३६ हजार येतील. टपाल खात्यातली मुदत ठेव याच्या कितीतरी पट देते! ‘बघतो’ यातूनच आलं असणार. एकतर हिस्सा जास्त द्या, नाहीतर सध्या १० लाखच मागा आणि एक हंगाम करून दाखवा. मला दुसरं पटतं.

एकल मालकीच्या धंद्यात हिस्सा विकता येत नाही, हेही लक्षात असू द्या. भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करावी लागेल. मित्र झाले तरी कागद आधी.

दोन बारीक गोष्टी. भौगोलिक मानांकनावर, म्हणजे मालाचं नाव त्याच्या प्रदेशाशी जोडणाऱ्या सरकारी नोंदणीवर, दोन पानं लिहिलीत, पण ते मानांकन वापरणारा अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतःची नोंदणी कुठे दिसली नाही. ती करून घ्या, मग लिहा. आणि बियांचा हिशेब कुठेच नाही. कोकमाच्या बियांचं तेल सौंदर्यप्रसाधनांत जातं. बिया सुकवून विकत असाल तर ते उत्पन्न दाखवा, फेकत असाल तर आधी गिऱ्हाईक शोधा.

प्रश्न : आराखडा पाठवण्याआधी गुंतवणूकदाराकडून गुप्ततेच्या करारावर सही घ्यावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्याच भेटीत अशी सही मागितली तर बहुतेक जण भेटच टाळतात. आराखड्यात पाककृती, पुरवठादारांची नावं आणि गिऱ्हाइकांची यादी घालू नका. बोलणी पुढे सरकली आणि ते वह्या बघायला बसणार असतील, तेव्हा करार करा.