ऑन्कोप्रिंटमधलं ‘ॲनोटेशन’

प्रश्न असा आहे: कर्करोगाच्या जनुकीय माहितीवर मराठीत लिहिताना ऑन्कोप्रिंटमधल्या (कोणत्या रुग्णात कोणतं जनुक बदललंय हे दाखवणाऱ्या आकृतीतल्या) ‘बार चार्ट ॲनोटेशन’ला ‘दंडालेख टिप्पणी’ म्हणावं का? आणि ‘आल्टरेशन’ म्हणजे उत्परिवर्तनच ना?

दुसरं आधी. नाही. उत्परिवर्तन (म्युटेशन) हा बदलाचा एक प्रकार झाला. जनुकाच्या प्रती वाढणं किंवा जनुक पार गळून जाणं, हेही त्याच आकृतीत वेगळ्या रंगांत दाखवतात. म्हणून सरळ ‘जनुकीय बदल’ लिहा.

‘टिप्पणी’ मात्र मला खटकते. टिप्पणी म्हटलं की कुणीतरी मत दिलंय असं वाटतं. ऑन्कोप्रिंटमध्ये आडव्या ओळी जनुकांच्या, उभे रकाने रुग्णांच्या नमुन्यांचे, आणि वरच्या नि उजव्या कडेला स्तंभांच्या पट्ट्या; हेच ते ‘बार चार्ट ॲनोटेशन’. ‘आर’ या संगणकभाषेतलं कॉम्प्लेक्सहीटमॅप हे पॅकेज वापरलंत तर त्या आपोआप येतात. ही जागा म्हणजे आकृतीचा समास. व्याकरणातला नव्हे, वहीत रेघ मारून सोडायचो तो! तेव्हा ‘समासातला स्तंभालेख’ म्हणा. कडेला रुग्णाचं वय किंवा लिंग दाखवणारी पट्टी असेल, तर तिला ‘समासटीप’ छान शोभते.

‘दंडालेख’ कशाला? बालभारतीच्या पुस्तकांमुळे ‘स्तंभालेख’ घरोघरी पोचलाय. इथे एकेका स्तंभात बदलांचे प्रकार रंगांनी तोडलेले असतात, म्हणजे आठवीतला ‘विभाजित स्तंभालेख’च. संख्येऐवजी प्रमाण दाखवलं तरी त्याला ‘शतमान स्तंभालेख’ म्हणू नका. त्यात प्रत्येक स्तंभ शंभराचा, सारख्याच उंचीचा लागतो. इथे तसं नसतं.

खरी मेख आकृतीखालच्या ओळीत आहे. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात ईजीएफआर जनुकाच्या प्रती वाढलेल्या आणि त्यातच उत्परिवर्तनही, असं एकाच रुग्णात पुष्कळदा दिसतं. समजा 100 रुग्णांपैकी 40 जणांत प्रती वाढल्यात, 20 जणांत उत्परिवर्तन आहे, आणि 15 जण दोन्हींत मोडतात. जनुकाच्या ओळीच्या डावीकडे लिहिलेली टक्केवारी माणसं मोजते: 45. उजवीकडचा स्तंभ प्रत्येक प्रकार वेगळा मोजतो: 60. तेव्हा त्या स्तंभाखाली ‘रुग्णसंख्या’ लिहिलंत तर पंधरा माणसं दोनदा मोजली जातील. तिथे ‘प्रकारानुसार बदलांची संख्या’ असंच हवं, लांबलचक वाटलं तरी.