गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाइनची द्राक्षं लावू का? : माझं उत्तर

बाब, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाळपईजवळ वडिलोपार्जित तीन एकर, पुण्यातली नोकरी सोडायची तयारी, आणि नाशिकची एक वाइनरी पाहून आल्यापासून एकच विचार: देशात वाइन वाढतेय, गोव्यात पर्यटक आहेत, मग इथंच द्राक्षं लावून वाइनरी का काढू नये? मी बावीस वर्षं फोंड्याहून हॉटेलांना आणि दुकानांना वाइन पुरवतोय. या धंद्यावर माझं प्रेम आहे, म्हणूनच सांगतो, द्राक्षं लावू नका.

युरोपात वेल थंडीत झोपते. नाशिकला ती झोपत नाही, म्हणून तिथला शेतकरी वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे नव्या फांद्यांसाठीची, आणि पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळ छाटणी. घड भरतात ते कोरड्या हिवाळ्यात, काढणी साधारण जानेवारी ते मार्च. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. रात्री गार पडतात, त्यामुळे मण्यात साखर चढत असतानाही आंबटपणा टिकतो, आणि वाइनचा सगळा तोल त्या आंबटपणावर असतो. वाळपईत पाऊसच ३,००० मिलिमीटरच्या वर, हवेत ओल कायम. केवडा आणि करपा या बुरशीच्या रोगांना हेच हवामान मानवतं. तुमचा सगळा पैसा फवारणीत जाईल. पोर्तुगीज साडेचारशे वर्षं इथं राहिले, जेवणासोबत वाइन घेणारी माणसं ती, तरी द्राक्षमळ्यांचा प्रदेश म्हणून गोव्याचं नाव झालं नाही. विंदालू या गोव्याच्या मांसाच्या पदार्थाच्या मूळ पोर्तुगीज नावात वाइन आणि लसूण आहे, पण आपल्या स्वयंपाकघरात वाइनची जागा माडाच्या सुरेच्या व्हिनेगरनं घेतली. आपली गोड 'पोर्ट वाइन' इथं बनते खरी, पण तिचं द्राक्ष, मुख्यतः बेंगलोर ब्लू, घाटावरून येतं.

आता वाढीबद्दल. पुण्याकडच्या नारायणगावचे आणि बंगळूरजवळच्या नंदी हिल्सचे वाइनचे प्रयत्न १९८० च्या दशकातले. नाशिकच्या सुला या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पण खरा जोर दिला तो महाराष्ट्राच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानं. अबकारी करात सवलत मिळाली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क निघाले, आणि पाहता पाहता डझनावारी वाइनऱ्या उभ्या राहिल्या. मग २००८ ची मंदी आली, त्यात नोव्हेंबरातला मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, वाइनऱ्यांकडे माल पडून राहिला आणि शेतकऱ्यांची द्राक्षं उचलली जाईनात. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. वाइनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड, आत बी. खायला ते कोणी घेत नाही. वाइनरीनं पाठ फिरवली की त्या घडांना दुसरं गिऱ्हाईक नसतं. कितीतरी जणांनी डोळ्यांत पाणी आणून वेली उपटल्या आणि पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे वळले. 'वाढता बाजार' हा शब्द ऐकला की मला त्या वेली आठवतात.

जे टिकले त्यांनी शेतकऱ्यांशी लेखी करार पाळले आणि गिऱ्हाईक थेट मळ्यावर आणलं. सुला डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात आली. तरीही देशात माणशी वाइन वर्षाला शंभर मिलिलिटरसुद्धा नाही. शिवाय परदेशी माल स्वस्त होतोय. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. त्यात ५ ते १५ डॉलरच्या बाटलीचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आलं, आणि दहा वर्षांत ते ५० वर येणार आहे. नव्या छोट्या वाइनरीला तो मार झेपणं कठीण.

मग गोव्यात करायचं काय? मला विचाराल तर इथं कमी आहे ती थंडाव्याची. एका मे महिन्यात माझा चाळीस पेट्यांचा टेम्पो चोर्ला घाटात बिघडला आणि दीड दिवस उन्हात राहिला. माल आला तेव्हा काही बाटल्यांची बुचं वर सरकलेली, पांढऱ्या वाइनला शिजवलेल्या सफरचंदाचा वास. सगळा माल मी बाजूला काढला. पण अशी वाइन किनाऱ्यावर रोज विकली जाते, कारण दुकानात ती फेणी-रमच्या शेजारी उघड्या फळीवर, ३२ अंशांत उभी असते. पर्यटक एक घोट घेतो आणि म्हणतो, भारतीय वाइन वाईट. नाशिकच्या शेतकऱ्याची वर्षाची मेहनत आपल्या फळीवर मरते, याचं मला फार वाईट वाटतं. १४-१५ अंशांचं छोटं गोदाम, थंड गाडी, आणि वेटरना ग्लास कसा भरायचा हे शिकवणारी दोन माणसं, एवढं कोणी नीट केलं तर हॉटेलवाले शोधत येतील. भांडवल वाइनरीच्या मानानं कितीतरी कमी. परवाना घाऊक विक्रीचा काढा, आणि अबकारी खात्यात स्वतः जा, एजंटावर सोडू नका.

जमीन काजूला द्या. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, बोंडूला, म्हणजे काजूच्या फळाला, फेणी गाळणाऱ्या भाटीवर गिऱ्हाईक आहे आणि बी वेगळी विकता येते, म्हणजे एक खरेदीदार फिरला तरी झाड उपटावं लागत नाही. कलमं बाळ्ळी-२ किंवा वेंगुर्ला-७ ची बघा. जमिनीला उतार किती आणि उन्हाळ्यात पाणी कुठून मिळतं ते कळवा, म्हणजे अंतर किती ठेवायचं ते सांगतो.