स्पेनचे सण आणि सुट्ट्या : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी व्हॅलेन्सियात शिकते आणि भाऊ माद्रिदमध्ये नोकरी करतो. दोघांच्या सुट्ट्या एकमेकांशी जुळतच नाहीत. देश एकच असताना असे का होते? (एक वाचक, पुणे)

स्पेनच्या कामगार कायद्यानुसार वर्षाला जास्तीत जास्त 14 सार्वजनिक सुट्ट्या देता येतात आणि त्यांपैकी 2 त्या त्या गावाच्या असतात. नववर्षदिन, गुड फ्रायडे, कामगार दिन, 12 ऑक्टोबरचा राष्ट्रीय दिन, 6 डिसेंबरचा संविधान दिन आणि नाताळ अशा काही सुट्ट्या देशभर सारख्या असल्या, तरी उरलेल्यांपैकी बऱ्याच सुट्ट्यांचा निर्णय स्वायत्त प्रांतांच्या हाती असतो. त्यामुळे माद्रिद शहर 15 मे रोजी सान इसिद्रोचा आणि 9 नोव्हेंबरला अल्मुदेना मातेचा सण पाळते, त्या दिवशी व्हॅलेन्सियात कामकाज चालू असते. उलट 19 मार्चला, म्हणजे सान होसेच्या दिवशी, व्हॅलेन्सियात ‘फायास’ उत्सवाचा शेवट होतो. महिनोन्महिने खपून उभारलेल्या, कित्येकदा काही मजले उंच असलेल्या प्रतिमा त्या रात्री चौकाचौकांत जाळल्या जातात. स्पेनमधला सण आधी गावाचा असतो आणि मग देशाचा, हे ध्यानात घेतले तर हा सुट्ट्यांचा गुंता बराच सुटतो.

पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी सरकारी राजपत्रात शरद ऋतूत प्रसिद्ध होते. विमानाची तिकिटे काढण्याआधी दोन्ही शहरांच्या याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात. डिसेंबरचा पहिला आठवडा बहुधा सोयीचा पडेल, कारण 6 आणि 8 या दोन्ही तारखांना सुट्टी असते आणि अनेक जण मधला दिवस रजा टाकून जोडून घेतात.

प्रश्न : 2011 च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातले मित्र आधी टोमॅटोंची लढाई खेळतात आणि नंतर बैलांपुढे धावतात. आम्हालाही एकाच सहलीत दोन्ही करता येईल का? (एक वाचक, नाशिक)

दोन आठवड्यांच्या सहलीत तरी नाही. बैलांची धाव ज्यात होते तो पाम्प्लोना शहराचा सान फेर्मिन उत्सव 6 जुलैच्या दुपारी बारा वाजता नगरपालिकेच्या सज्जातून सुटणाऱ्या शोभेच्या बाणाने सुरू होतो आणि 14 जुलैच्या मध्यरात्री संपतो. टोमॅटोंची लढाई, म्हणजे बुन्योल गावातली ‘तोमातिना’, ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी होते. दोहोंमध्ये सहा-सात आठवड्यांचे अंतर आहे आणि क्रमही चित्रपटातल्यापेक्षा उलटा आहे.

तोमातिनाला अवश्य जावे. तिची सुरुवात 1945 मध्ये झाली. काही हजार वस्तीच्या त्या गावाला गर्दी पेलेनाशी झाल्यामुळे 2013 पासून प्रवेशासाठी तिकीट लागते आणि येणाऱ्यांच्या संख्येवरही मर्यादा असते. फेकण्याआधी टोमॅटो हातात चुरडायचा आणि तासाभराने दुसरा बार झाला की हात थांबवायचा, हे दोन नियम तिथे कसोशीने पाळले जातात.

बैलांपुढे धावण्याचा विचार मात्र सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 7 ते 14 जुलै रोज सकाळी आठ वाजता साधारण 850 मीटरच्या अरुंद गल्ल्यांतून ही धाव होते आणि बहुधा दोन-तीन मिनिटांत आटोपते. 1910 नंतर तिच्यात किमान 16 जणांचे प्राण गेले आहेत आणि जखमी तर दरवर्षी होतात. तिथले जाणते धावक एकेका टप्प्याचा वर्षानुवर्षे अभ्यास करतात. सकाळी धावलेले बैल त्याच संध्याकाळी रिंगणात मारले जातात हेही जाणून असावे. खुद्द स्पेनमध्येही या प्रथेला मोठा विरोध आहे. सज्जात जागा भाड्याने घेऊन धाव पाहता येते आणि उरलेला दिवस मिरवणुका व संगीत यांत छान जातो.

प्रश्न : सेव्हिलमध्ये ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात टोकदार टोप्या घालून तोंड झाकलेले लोक पाहून मुले घाबरली. हा पोशाख कशासाठी असतो? (एक वाचक, न्यू जर्सी)

मुलांना आधी सांगावे की अशाच टोप्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या ‘कू क्लक्स क्लॅन’ या वंशद्वेषी संघटनेशी या पोशाखाचा काहीही संबंध नाही. ती संघटना जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून तो वापरात आहे. प्रायश्चित्त करणारा कोण हे बघ्यांना कळू नये, म्हणून चेहरा झाकलेला असतो.

सेव्हिलचा हा सप्ताह खऱ्या अर्थाने पाहायचा, तर नजर खाली वळवावी. येशूच्या आणि मातेच्या मूर्ती असलेले अवजड लाकडी मंच झालरीआड दडलेली माणसे मानेवर पेलून नेतात. डोक्याला व मानेला त्यांनी जाड कापडाची चुंबळ बांधलेली असते आणि बाहेरचे काहीही त्यांना दिसत नाही. मुकादम मंचाच्या पुढच्या धातूच्या ठोक्यावर आवाज करतो, दोन शब्द बोलतो आणि पुढच्या ठोक्याला सगळा मंच एका झटक्यात वर उचलला जातो. मुलांची भीती घालवण्याचा उपाय तिथल्या मुलांकडेच आहे. ती टोपीवाल्यांपुढे हात करून त्यांच्या मेणबत्त्यांचे वितळते मेण मागून घेतात आणि त्याचा गोळा वर्षागणिक वाढवत नेतात. ईस्टरचा रविवार 22 मार्च ते 25 एप्रिल यांदरम्यान कधीही येतो, त्यामुळे तारीख दरवर्षी नव्याने पाहावी लागते.

प्रश्न : कातालोनियातले मानवी मनोरे आणि आपली दहीहंडी यांत फरक काय? (एक गोविंदा, ठाणे)

सगळ्यात मोठा फरक उतरण्यात आहे. आपल्याकडे हंडी फुटली की थर कोसळले तरी चालतात. तिथे वर चढलेल्या मुलाने हात उंचावला की मनोरा ‘रचला’ एवढेच मानतात. तो थराथराने सुखरूप उतरवला, तरच काम पुरे झाले असे समजतात. उतरताना बराच वेळ भार पेलावा लागतो, आणि म्हणून सरावाचा मोठा भाग त्यावरच खर्च होतो. तळाला शेकडो माणसांचा वेढा असतो. मनोरा कोसळला तर पडणाऱ्यांना झेलणारी गादीही तोच असतो. या माणसांना मान वर करता येत नाही. सनईच्या जातीच्या ‘ग्राया’ या वाद्याची सुरावट बदलली की वर काय चालले आहे ते त्यांना समजते. कमरेला घट्ट गुंडाळलेला लांब पट्टा पाठीला आधार देतो आणि चढणाऱ्याला पाय रोवण्यासाठीही उपयोगी पडतो.

वयाच्या बाबतीत मात्र आपले नियम अधिक कडक आहेत. मुंबई उच्च न्यायालयात 2017 मध्ये ठरल्यानुसार 14 वर्षांखालील मुलांना थरांवर चढवता येत नाही, तर तिथे सर्वांत वरचे मूल बहुधा दहा वर्षांच्या आतलेच असते. ते हेल्मेट घालते. युनेस्कोने 2010 मध्ये ही परंपरा मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पाहायला जायचे असेल, तर 30 ऑगस्टला व्हिलाफ्रांका गाव किंवा 24 सप्टेंबरच्या सुमारास बार्सिलोना गाठावे.

प्रश्न : स्पेनच्या एखाद्या सणाचा गोव्याशी थेट संबंध आहे का? (एक वाचक, म्हापसा)

आहे, आणि तारीखही एकच आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बासिलिकेत ज्यांचे अवशेष आहेत ते सेंट फ्रान्सिस झेवियर 1506 मध्ये नाव्हारा प्रांतातल्या हाविएर गढीत जन्मले आणि 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. गोव्यात ‘सायबाचे फेस्त’ ज्या 3 डिसेंबरला भरते, त्याच दिवशी नाव्हारा आपला प्रांतदिन साजरा करतो आणि तिथेही सार्वजनिक सुट्टी असते. सान फेर्मिन आणि फ्रान्सिस झेवियर असे या प्रांताचे दोन संरक्षक संत आहेत. मार्चमध्ये पाम्प्लोनाहून आणि आसपासच्या गावांतून हजारो भाविक पायी चालत हाविएरच्या गढीकडे जातात. गोव्याच्या माणसाला स्पेनची एकच यात्रा करायची असेल, तर मी हीच सुचवीन.

प्रश्न : नुकतेच मालागाला राहायला आलो आहोत. मुलांना भेटवस्तू नाताळला द्यायच्या की नंतर? (एक आई)

आता अनेक घरांत दोन्ही दिवशी देतात, पण मुलांचा खरा दिवस 6 जानेवारी, म्हणजे बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या तीन राजांचा. 5 तारखेच्या संध्याकाळी मिरवणूक निघते आणि राजे गोळ्या-चॉकलेटे उधळतात, तेव्हा मुलांच्या हाती एखादी पिशवी द्यावी. रात्री झोपण्यापूर्वी मुले बूट बाहेर काढून ठेवतात. सकाळी ‘रोस्कोन’ नावाचा गोल गोड पाव कापला जातो. त्यात लपवलेली छोटी मूर्ती ज्याला सापडेल तो राजा ठरतो आणि सुकी शेंगदाण्याएवढी बी ज्याच्या वाट्याला येईल त्याने पावाचे पैसे द्यायचे असतात. लहान मुलांना तुकडा देण्याआधी तो तपासून पाहावा. बेकरीत आधी नोंदणी केलेली बरी, कारण 5 तारखेला फार मोठ्या रांगा असतात.