बॅण्ड गॅपपेक्षा कमी ऊर्जेचा प्रकाश, तरी कण तापतो कसा?

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. फोटॉनची ऊर्जा बॅण्ड गॅपहून (इलेक्ट्रॉनला खालच्या, संयुजा पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात जायला लागणाऱ्या किमान ऊर्जेहून) कमी असेल तर अर्धवाहक तो शोषत नाही, असं वर्गात सांगते. परवा एका मुलाने अडवलं. कॉपर सल्फाइडचा बॅण्ड गॅप २ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, ८०८ नॅनोमीटर लेझरचा फोटॉन दीडचा. तरी त्याचे नॅनोकण या लेझरखाली तापतात आणि त्यावर कर्करोगाच्या गाठी जाळायचे प्रयोग चाललेत, असं त्याने वाचलंय. हे कसं? आणि कण तापतो म्हणजे नक्की किती अंश?

उत्तर : आधी त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते; ८०८ ने भागलं की १.५३ येतात, त्याचा हिशेब चोख आहे. तुमचा नियमही खरा आहे, पण तो शुद्ध अर्धवाहकाचा. कॉपर सल्फाइडमध्ये तांब्याची तूट असते, त्यामुळे संयुजा पट्ट्यात भरपूर होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, मोकळे फिरत असतात. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र पोचलं की हे होल सगळे मिळून एका लयीत हेलकावे घेतात. यालाच प्लाझ्मॉन म्हणतात. सोन्याच्या कणांत हेच इलेक्ट्रॉन करतात. होलांची दाटी सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांपेक्षा कमी, म्हणून लय संथ, आणि शोषण दृश्य प्रकाशातून सरकून अवरक्तात जातं. बर्कलीच्या पॉल अलिव्हिसाटोस यांच्या गटाने २०११ मध्ये कॉपर सल्फाइडच्या क्वांटम डॉटमध्ये, म्हणजे अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटरच्या कणांत, हे दाखवलं. थोडक्यात, बॅण्ड गॅप ओलांडायचा प्रश्नच इथे येत नाही.

ही लय फार टिकत नाही. होल स्फटिकाच्या जालकावर (अणूंच्या शिस्तबद्ध मांडणीवर) आपटतात, काही पिकोसेकंदांत सगळी ऊर्जा अणूंच्या थरथरीत जाते, आणि थरथर म्हणजेच उष्णता.

बॅण्ड गॅपच्या मार्गानेही उष्णता निघतेच, हेही मुलांना सांगा. कॅडमियम सेलेनाइडचा लाल चमकणारा डॉट घ्या. ४०५ नॅनोमीटरचा फोटॉन ३.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन आत येतो, ६२० चा लाल फोटॉन २ घेऊन बाहेर पडतो. मधलं १.०६ जालकात जिरलं. म्हणजे एकही फोटॉन वाया न घालवणारा डॉटसुद्धा तिसरा हिस्सा तापण्यातच घालवतो. पृष्ठभागावर दोष असतील तर उरलेलंही तिथेच अडकतं. म्हणून चमक हवी असणारे वर झिंक सल्फाइडचं कवच चढवतात.

आता 'किती अंश', हा खरा मजेचा भाग. २० नॅनोमीटर व्यासाचा कण घेऊ. लेझर दर चौरस सेंटिमीटरला १ वॅट. कण अंगावर पडलेल्या प्रकाशाचा तिसरा हिस्सा शोषतो असं धरलं, तर सेकंदाला साधारण ४० लाख फोटॉन होतात. ऐकायला खूप, पण दोन फोटॉनांमध्ये सुमारे २५० नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. एका फोटॉनने कणाचं तापमान अंशाच्या चाळिसाव्या भागाइतकं चढतं आणि साधारण एका नॅनोसेकंदात ती उष्णता पाण्यात पसरून जाते. पुढचा फोटॉन येईपर्यंत कण थंडगार! सरासरी काढलीत तर कण भोवतालच्या पाण्यापेक्षा अंशाच्या लाखाव्या भागाइतकाच गरम असतो. लालबुंद निखाऱ्यासारखा कण आणि भोवती भाजलेली पेशी, हे चित्र सतत चालणाऱ्या लेझरच्या बाबतीत साफ चुकीचं आहे. (नॅनोसेकंदांचे जोरदार झटके देणारा लेझर असेल तर गोष्ट वेगळी.)

मग पाणी तापतं कशाने? गर्दीने. एका मिलीलिटरमध्ये असे १ लाख कोटी कण टाका. वजन भरेल जेमतेम २० मायक्रोग्रॅम. एवढ्यात एक सेंटिमीटर जाडीच्या पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशापैकी ६३ टक्के शोषला जातो. एक मिलीलिटर पाणी एक अंश तापायला ४.१८ ज्यूल लागतात, म्हणून ०.६३ वॅटला ४.१८ ने भागा: सुरुवातीला मिनिटाला ९ अंश. पुढे बाहेर जाणारी उष्णता वाढत जाते आणि तापमान एका जागी थबकतं.

आमच्याकडे हे कण कॉपर क्लोराइड, सोडियम सायट्रेट आणि सोडियम सल्फाइडपासून करतात. आधी तपकिरी द्रव होतो, ९० अंशांवर ठेवला की पंधरा मिनिटांत गडद हिरवा. हा हिरवा आला की शोषण ८०८ च्या बाजूला गेलं असं समजायचं. मोजताना एकच खबरदारी, पण नवखे हमखास विसरतात: थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या धातूच्या तारेचं) टोक लेझरच्या वाटेत येता कामा नये. आलं, की ते धातूचं टोक स्वतःच प्रकाश शोषून तापतं आणि वहीत कणांच्या नावावर भलताच आकडा चढतो. शंका आली तर नुसत्या पाण्यावर तोच लेझर सोडून बघावं.

गाठींबद्दल: कॉपर सल्फाइडचं काम मुख्यतः उंदरांवर झालेलं आहे. प्रोस्टेटच्या रुग्णांवरच्या ज्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, तिच्यात सोन्याचं कवच असलेले सिलिकाचे कण होते, अर्धवाहक नव्हे. अवरक्त लेझर निवडायचं कारण दोन्हीकडे एकच. ७०० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात रक्त आणि पाणी दोन्ही कमी शोषतात, म्हणून प्रकाश ऊतीत बऱ्यापैकी आत जातो.

आणि एक विनंती. ८०८ चा लेझर ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून वर्गात आणू नका. डोळ्याला तो जेमतेम मंद लाल दिसतो, त्यामुळे पापणी मिटत नाही, आणि तेवढ्यात दृष्टिपटल भाजतं. वर्गासाठी वरची आकडेमोड फळ्यावर करून घ्या; कणाची त्रिज्या दुप्पट केली तर काय होईल, हे त्या मुलालाच विचारा.