वाचकांचे प्रश्न : पुण्याच्या मुलीने शिकायला पुण्याबाहेर जावे का?

प्रश्न : मी कोथरूडला राहते. यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले असून मला इतिहासातच पुढे शिकायचे आहे. सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेतील गुणांवर हैदराबाद विद्यापीठाच्या इतिहासाच्या पाच वर्षांच्या एकात्मिक एम. ए. अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळतो आहे; पुण्यातल्या एका नावाजलेल्या महाविद्यालयातही जागा आहे. बाबा म्हणतात, सगळा महाराष्ट्र शिकायला पुण्याला येतो, मग पुण्याच्या मुलीने बाहेर का जावे? आई उघडपणे काही बोलत नाही. पण आजीला गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, आई शाळेत शिकवते, आणि दुपारी आजीजवळ मी असते. मला जावेसे वाटते आणि तसे वाटण्याचीच लाज वाटते. काय करावे?

उत्तर : बाबांच्या म्हणण्यापासून सुरुवात करते, कारण ते पुण्यातल्या अनेक घरांत ऐकू येते आणि त्यात तथ्य आहे. इतिहासाच्या अभ्यासाला महाराष्ट्रात पुण्याइतके सोयीचे दुसरे शहर सापडणे कठीण. १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१७ पासूनची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था, पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज आणि पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर हे सारे तुझ्या घरापासून एका-दोन बसच्या अंतरावर आहे. मात्र ही साधने मुख्यतः संशोधकाच्या उपयोगाची आहेत, आणि तू अजून त्या पायरीपासून काही वर्षे दूर आहेस. पदवीच्या वर्षांत विद्यार्थ्याला लागतात ते वर्गात प्रश्न विचारू देणारे आणि निबंध परत करताना समासात चार ओळी लिहिणारे शिक्षक, रात्री उशिरापर्यंत उघडे असणारे ग्रंथालय, आणि निरनिराळ्या प्रांतांतून आलेले, एकाच घटनेकडे वेगळ्या बाजूने पाहणारे सहाध्यायी. या गोष्टी ज्या विभागात अधिक मिळतील तो विभाग तुझ्यासाठी चांगला, मग तो कोणत्याही शहरात असो. म्हणून दोन्ही ठिकाणचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाच. प्राध्यापक कोणत्या विषयावर लिहितात ते पाहा, आणि शक्य झाल्यास दोन्हीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोल. माहितीपत्रकात जे छापलेले नसते ते त्यांच्याकडूनच कळते.

बाबांच्या युक्तिवादात एक गोष्ट मात्र सुटते. लातूरहून किंवा नांदेडहून जी मुलगी पुण्यात येते, तिला इथे दोन शिक्षणे एकदम मिळतात. एक महाविद्यालयात, आणि दुसरे कॉट बेसिसवरच्या खोलीत, मेसच्या टेबलावर, महिनाअखेरीस हातात उरलेल्या पैशांचा हिशेब लावताना. पुण्याच्या मुलीला पुण्यात यांतले पहिलेच मिळते. तिचा डबा आई भरते आणि ताप आला तर औषध बाबा आणतात. यात गैर काहीच नाही. पण सगळा महाराष्ट्र पुण्याला येऊन जे मिळवतो, ते सगळे तुला घरी राहून मिळेल असे मानणे बरोबर नाही. तुला जावेसे वाटते त्यात इतिहासाच्या ओढीबरोबर स्वतःच्या पायावर उभे राहण्याची ओढही असणार. अठराव्या वर्षी ती असावीच. तिची लाज बाळगू नकोस. फक्त या दोन ओढी वेगवेगळ्या ओळखून ठेव, कारण दुसरी कोणत्याही शहरात भागू शकते, पहिली मात्र विभाग पाहूनच.

हैदराबादविषयी सांगायचे तर ते विद्यापीठ १९७४ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय विद्यापीठ आहे आणि तिथे देशभरातून विद्यार्थी येतात. तुझ्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. दख्खनच्या इतिहासाची मोडी कागदपत्रे पुण्यात आहेत, तर दख्खनच्या मुघल कारभाराची फारसी कागदपत्रे मोठ्या संख्येने हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत. सतराव्या शतकातला दख्खन ज्याला खरोखर समजून घ्यायचा आहे त्याला आज ना उद्या दोन्ही लिप्यांपाशी यावे लागते. पुण्यात वाढलेल्या मुलीने तरुण वयात पाच वर्षे हैदराबादेत काढली, तिथे उर्दू कानावर पडली, जमल्यास फारसी शिकली, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यात मोडीचा वर्ग केला, तर तिच्या हाती जी तयारी येईल ती या दोहोंपैकी एकाच शहरात राहून येणार नाही. तुझी आवड आधुनिक काळाची किंवा प्राचीन भारताची असेल, तर हा मुद्दा तितका लागू होत नाही. त्याचा विचार तूच कर.

आता आजी. मला हाच या पत्रातला सर्वांत नाजूक भाग वाटतो, आणि इथेच तुझ्या घरात कोणी मोकळेपणाने बोललेले दिसत नाही. दुपारी आजीजवळ बसणारी नात ही चांगली गोष्ट आहे, पण आजारी माणसाच्या देखभालीची ती पक्की व्यवस्था नाही. तू पुण्यातच प्रवेश घेतलास तरी नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत तासिका, प्रात्यक्षिके आणि प्रकल्प दिवसभर विखुरलेले असू शकतात, तेव्हा दुपारचा प्रश्न जुलै-ऑगस्टमध्ये उभा राहणारच आहे. तो सोडवायचा आहे तो घरातल्या सर्वांनी मिळून. दुपारच्या वेळेपुरती अनुभवी मदतनीस मिळते का, व्यायामासाठी फिजिओथेरपिस्ट घरी येऊ शकतात का, काका किंवा आत्या असतील तर त्यांचा वाटा कोणता, खर्च कोणी उचलायचा, हे बोलणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेआधी व्हायला हवे. तुझ्या आईबाबांना मी आदरपूर्वक एकच विचारते : तुमचा मुलगा खरगपूरला अभियांत्रिकीला निघाला असता, तर आजींच्या दुपारचा विचार त्याच्या प्रवेशाआधी झाला असता की नंतर? उत्तर प्रामाणिकपणे द्यावे, आणि त्यावरून मुलीवर कोणते ओझे ठेवायचे ते ठरवावे.

आई बोलत नाही म्हणजे तिचा विरोध आहे असे तू धरून चालली आहेस. तसे नसेलही. घरातला आधार आणि घरातली सोबत दोन्ही एकदम जाण्याची भीती शब्दांत मांडणे आईला अवघड जात असेल. ती शाळेतून आल्यावर, बाबा घरी येण्यापूर्वी, तूच विषय काढ.

पैशांचे थोडक्यात सांगते. केंद्रीय विद्यापीठांचे शिक्षण शुल्क खासगी विद्यापीठांच्या मानाने बरेच कमी असते. खरा खर्च वसतिगृह, मेस आणि प्रवासाचा. तो एका वर्षाचा न मांडता पाचही वर्षांचा कागदावर मांडा. कर्जाची वेळ आली तर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहा. राष्ट्रीय क्रमवारीतील वरच्या संस्थांसाठी तीत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. वसतिगृहाची खोली निश्चित झाल्याचे लेखी कळेपर्यंत पुण्यातला प्रवेश रद्द करू नकोस. प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत मिळण्याच्या मुदती विद्यापीठ अनुदान आयोग दरवर्षी जाहीर करतो, त्या टिपून ठेव, आणि मूळ प्रमाणपत्रे कोणतीही संस्था अडवून ठेवू शकत नाही हेही लक्षात असू दे.

माझे मत जाण्याच्या बाजूने आहे, दोन अटींवर : आजीची व्यवस्था घराने मिळून केलेली असावी आणि वसतिगृह मिळालेले असावे. यांपैकी एक जरी गोष्ट जुळली नाही, तर पुण्यात पदवी घेऊन पुढे जाण्याचा मार्ग मोकळा आहे. तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचे आणि चार वर्षांच्या पदवीनंतर एक वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. त्या वेळी तू अधिक नेमकेपणाने निवड करशील. हा मार्ग निवडलास तर मनात खंत ठेवून राहू नकोस. पेशवे दप्तर जवळ असण्याचा फायदा मग पुरेपूर घे. गेलीस, तर शताब्दीने आठ-साडेआठ तासांचे अंतर आहे, दिवाळीला घरी येता येईल. पहिले दोन-तीन महिने मात्र जड जातील. त्या दिवसांत रोज तासभर घरी फोन करण्यापेक्षा आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी आजीशी निवांत बोल.

प्रश्न : आम्ही चाकणला राहतो. मुलाला शिवाजीनगरच्या महाविद्यालयात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. घर इतके जवळ असताना वसतिगृहाचा खर्च कशाला, असे वाटते. योग्य काय?

उत्तर : नकाशावर घर जवळ आहे, पण नाशिक महामार्गावर चाकण-मोशीच्या कोंडीत रोज जाऊन-येऊन किती तास जातात ते आपण जाणताच. प्रात्यक्षिके संपवून संध्याकाळी निघालेला मुलगा जेवून पुस्तक उघडेल तेव्हा त्याच्यात त्राण उरणार नाही. निदान पहिल्या वर्षी त्याने सोमवार ते शुक्रवार पुण्यात राहावे आणि शनिवार-रविवार घरी यावे, असे मी सुचवेन. महाविद्यालयाच्या वसतिगृहात दूरच्या विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळून जागा उरली नाही, तर १९५५ पासून ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीकडे चौकशी करावी. आपण अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर असाल, तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेच्या अटी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर वाचून वेळेत अर्ज भरावा. खासगी खोली घ्यावी लागलीच, तर अनामत रकमेची पावती घ्या, आणि पैसे देण्याआधी मुलाबरोबर स्वतः जाऊन खोली व मेस पाहून या.